हॅमरशोल्डचं उलटं पिवळं आणि 'एरर' शब्दाचा गुंता

अमेरिकन टपाल तिकिटांमधला एरर, म्हणजे छपाईतली चूक, म्हटलं की गप्पा लगेच उलट्या जेनीवर, म्हणजे विमानाचं चित्र उलटं छापलं गेलेल्या तिकिटावर, जातात. १९१८ सालची २४ सेंटची १०० तिकिटांची एकच शीट, तिच्यातला एक नग २०२३ मध्ये वीस लाख डॉलरला गेला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण जेनी कमेमोरेटिव्ह, म्हणजे एखाद्या घटनेच्या किंवा माणसाच्या स्मरणार्थ काढलेलं तिकीट, नाहीच, ती एअरमेल. आणि तिच्या बाबतीत पोस्टखात्याशी झालेला वाद तसा साधा होता, माणसाने पैसे देऊन शीट घेतली, परत मागितली तेव्हा दिली नाही, विषय संपला. कमेमोरेटिव्हमधल्या चुकांचं प्रकरण जास्त अवघड आहे आणि ते समजून घ्यायचं तर माझ्या मते १९६२ च्या हॅमरशोल्ड तिकिटाला पर्याय नाही.

तरी आधी थोडं मागचं. १८९३ चा कोलंबसवरचा कोलंबियन सेट, १६ तिकिटं, १ सेंट ते ५ डॉलर, सगळ्यांची मिळून दर्शनी किंमत १६ डॉलर ३४ सेंट. त्या काळात हे पैसे खूप होते आणि खातं कलेक्टरच्या खिशात हात घालतंय ही ओरड तेव्हापासूनची आहे. त्या सेटमध्ये ४ सेंटचं तिकीट चुकून निळ्या शाईत छापलं गेलं ते प्रसिद्ध आहेच. शिवाय १ सेंटवर जमीन दिसल्याच्या क्षणी कोलंबस गुळगुळीत दाढी केलेला आणि २ सेंटवर किनाऱ्यावर उतरताना भरघोस दाढीवाला, हे पण. आता यातलं पहिलं एरर आणि दुसरं नाही, कारण दुसऱ्यात प्रत्येक तिकीट तसंच आहे, छपाईत काही बिघडलेलंच नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उलटं चित्र कधी होतं? दोन रंग दोन वेगळ्या फेऱ्यांत छापले आणि मधे कागद उलटा गेला तर. एकाच रंगात छापलं तर चित्र उलटं व्हायचा प्रश्नच नाही. १८९८ चा ओमाहा प्रदर्शनाचा सेट दोन रंगांत काढायचा बेत होता, पण स्पेनशी युद्ध सुरू झालं, छापखान्यावर रेव्हेन्यू (कराच्या) तिकिटांचा डोंगर पडला आणि तो सेट एकाच रंगात उरकला. १९०१ ला बफेलोच्या पॅन-अमेरिकन सेटमध्ये दोन रंग आले आणि लगेच १ आणि २ सेंटची उलटी तिकिटं लोकांच्या हातात आली, एकात जहाज उलटं, दुसऱ्यात आगगाडी. ४ सेंटचं, मोटारगाडीवालं, मात्र वेगळं आहे. ते पण उलटं सापडलं अशी अफवा खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कानावर गेली आणि त्याने ४०० तिकिटं मुद्दाम उलटी छापून घेतली. काहींवर 'स्पेसिमेन' (नमुना) असा शिक्का मारला, काही ओळखीत वाटली. काउंटरवर एकही विकलं नाही. तरीही कॅटलॉगमध्ये ते १ आणि २ सेंटच्या शेजारीच मानाने बसलंय आणि हजारो डॉलरला जातं. मला हे कधी पटलं नाही. छापणाऱ्याला माहीत असताना छापलं त्याला चूक कसं म्हणायचं?

१९३० च्या दशकातला प्रकार तर अजून उघड होता. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष स्वतः तिकिटांचे शौकीन, आणि त्यांचा पोस्टमास्टर जनरल, म्हणजे टपालखात्याचा प्रमुख, नव्या कमेमोरेटिव्हच्या शीट गम लावायच्या आणि दाते पाडायच्या आधीच प्रेसवरून उचलून, सह्या करून राष्ट्राध्यक्षांना आणि मित्रांना भेट द्यायचा. त्यातली एक व्हर्जिनियात विकायला निघाली आणि देशभर कलेक्टर भडकले, प्रकरण काँग्रेसपर्यंत गेलं. शेवटी मार्च १९३५ मध्ये खात्याने तीच २० प्रकारची तिकिटं तशाच स्वरूपात, बहुतेक विनागम, सगळ्यांसाठी खुली केली. इथे पुन्हा छापणं बरोबरच होतं असं मी म्हणेन, कारण आतल्या माणसाने आतल्या माणसांना दिलेला फायदा मोडायचा होता. मात्र यातून खात्याला एक सवय लागली, की दुर्मीळ काही झालं की ते पुन्हा छापून स्वस्त करायचं.

आता १९६२. १९५७ पासून अमेरिकेत नवीन प्रकारचं मशीन आलं होतं, एकाच प्लेटवर दोन-तीन रंग एका फेरीत. त्यामुळे उलट्या चित्रांचे दिवस गेले असं वाटायला जागा होती. विमान अपघातात गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या, हॅमरशोल्डच्या, स्मरणार्थ ४ सेंटचं तिकीट २३ ऑक्टोबर १९६२ ला निघालं. त्यात काळा आणि तपकिरी एका फेरीत आणि पिवळा वेगळ्या फेरीत, आणि तिथेच घोळ झाला, काही कागद पिवळ्याच्या फेरीत उलटे गेले. चित्र सरळ, अक्षरं सरळ, फक्त मागची पिवळी छटा उलटी. पहिल्या नजरेत कळतसुद्धा नाही.

न्यू जर्सीतला एक ज्वेलर, स्वतः कलेक्टर, त्याच्याकडे अशी ५० ची शीट निघाली, दर्शनी किंमत २ डॉलर. त्याने ते लपवलं नाही, उघड केलं, पेपरात आलं. ओहायोतही एकाकडे सापडलं, त्याने तर त्यातली काही पत्रांवर चिकटवून पाठवून दिलेली होती. आणि मग पोस्टमास्टर जनरलने ठरवलं की हीच चूक मुद्दाम पुन्हा छापायची. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की खातं लॉटरी चालवायला बसलेलं नाही, चुकीवर कोणी श्रीमंत व्हावं हे आम्हाला मान्य नाही, आणि हजारो लहान मुलांना आणि साध्या कलेक्टरना पण ते तिकीट मिळू दे. ज्वेलर कोर्टात गेला, विक्री थांबवायचा हुकूमही मिळाला, पण तोपर्यंत नोव्हेंबरच्या मध्यात विक्री सुरू होऊन गेलेली होती. एकूण आकडा ४ कोटी २ लाख ७० हजार. पुढे खात्याने त्याची शीट पहिल्या खऱ्या चुकीतली आहे हे मान्य केलं आणि खटला तिथेच मिटला.

या निर्णयाची बाजू घेणारे तेव्हा पण बरेच होते आणि आजही भेटतात. ४ सेंटमध्ये घराघरात एक 'एरर' पोचला, मुलांना छंद लागला, हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण त्या ज्वेलरचा काय दोष? १९३५ मध्ये फायदा आतल्या माणसांनी घेतला होता म्हणून पुन्हा छापलं, इथे तर एका सामान्य माणसाने काउंटरवरून रांगेतल्या इतरांसारखेच पैसे देऊन तिकीट घेतलं होतं. चूक छापखान्याची, तपासणीत सुटली ती खात्याच्या लोकांकडून, आणि किंमत मोजली त्याने. एकच औषध दोन उलट्या आजारांना दिलं असं माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही.

शिवाय शब्दाचा गुंता झाला तो वेगळाच. मुद्दाम छापलेली चार कोटी तिकिटं एरर नाहीत, ती स्पेशल प्रिंटिंग, कॅटलॉगमध्ये त्यांना मूळ तिकिटाच्या १२०३ या नंबरच्या पुढचा स्वतंत्र नंबर आहे, १२०४. म्हणजे बाजारात 'हॅमरशोल्ड एरर' म्हणून जे काही सेंटांत विकलं जातं ते एरर नाहीच. आणि जो खरा एरर, तो सुटा हातात आला तर ओळखता येत नाही, शाई तीच, कागद तोच. पुन्हा छापलेली विक्रीला यायच्या आधीच्या तारखेचा शिक्का असलेलं पाकीट असेल तरच खात्रीने सांगता येतं, किंवा मग ज्याचा मालकीचा इतिहास कागदोपत्री आहे असा नग. ज्वेलरने त्याची शीट जपून ठेवली आणि नंतर कलेक्टर लोकांच्या राष्ट्रीय संस्थेला देऊन टाकली.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे त्याच ऑक्टोबरात तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या पनामा कालव्याच्या पट्ट्यातही असंच झालं. तिथल्या नव्या पुलाच्या ४ सेंटच्या तिकिटात चंदेरी रंग छापायचाच राहिला, म्हणजे पूलच गायब. ५० ची एक शीट बोस्टनच्या एका मोठ्या डीलरकडे गेली. तिथल्या प्रशासनानेही वॉशिंग्टनचा कित्ता गिरवून पुन्हा छापायचं ठरवलं, पण हा डीलर आधीच कोर्टात पोचला आणि १९६५ मध्ये जिंकला. त्यामुळे बिनपुलाचं तिकीट आजही खरोखर दुर्मीळ आहे.

त्यानंतर १९९४. 'लेजंड्स ऑफ द वेस्ट' या नावाच्या तिकिटांच्या शीटवर एका काळ्या काउबॉयच्या नावाखाली त्याच्या भावाचा फोटो छापला गेला, घरच्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. कोलंबसच्या दाढीसारखं, छपाईत दोष नाही, माणूसच चुकीचा. शीट परत बोलावल्या, पण १८३ आधीच विकल्या गेल्या होत्या. मग चुकीच्या शीटपैकी दीड लाख सोडत काढून विकल्या आणि उरलेल्या नष्ट केल्या. ज्या खात्याने १९६२ मध्ये लॉटरी नको म्हणून चार कोटी छापली त्याने इथे अक्षरशः सोडतच काढली.

आणि २०१३ मध्ये उलट्या जेनीची २ डॉलरची नवी शीट काढली, सुमारे २२ लाख, त्यात १०० शीटमध्ये विमान मुद्दाम सरळ ठेवलेलं, बंद पाकिटात, कोणाला मिळेल ते नशीब. पुढे खात्याच्याच अंतर्गत तपासणीने यावर ठपका ठेवला, मुद्दाम एरर तयार करू नयेत हा नियम आधीपासून होता म्हणून.