रंध्याखाली लाकूड का उचकटतं?

रंध्याचं पातं म्हणजे मुळात ठोकळ्यात तिरकी अडकवलेली रुंद पटाशीच. नुसती पटाशी फळीवर ढकलली की ती लाकडाच्या रेषांच्या मागे जाते. रेषा खाली उतरत असतील तर तीही आत घुसते. रंध्याचा सपाट तळ पात्याला हे करू देत नाही. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईतही रंध्यांचे अवशेष मिळाले आहेत, इतकी ही युक्ती जुनी आहे.

तळाची लांबी कामानुसार ठरते. फळीत ३० सेंटिमीटर लांबीचा खळगा असेल तर २५ सेंटिमीटरचा रंधा त्यात उतरतो आणि तिथलंही लाकूड काढतो. फळी गुळगुळीत होते, पण सपाट होत नाही. ५५ सेंटिमीटरचा रंधा दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर टेकतो आणि खळग्यावर त्याचं पातं अधांतरी राहतं. म्हणून सुरुवातीला ढलप्या तुटक निघतात आणि उंचवटे उतरतील तशा लांब होत जातात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड ढलपी आली की हात थांबवून कडेला सरळ मोजपट्टी लावून पाहावी. तरीही रंधा मारत राहिलं तर टोकं उतरतात आणि मध्य फुगीर होतो. सुरुवातीला पुढच्या मुठीवर आणि शेवटी मागच्या मुठीवर भार द्यायचा, तो याच कारणासाठी.

त्यामुळे कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी साधारण ३५ सेंटिमीटरचा जॅक प्लेन. त्याच्या पात्याची धार किंचित गोलसर घासतात आणि रंधा रेषांना आडवा किंवा तिरका चालवतात. जाड ढलप्या भराभर निघतात. मग ५५ ते ६० सेंटिमीटरचा जॉइंटर, आणि शेवटी २५ सेंटिमीटरच्या आतबाहेरचा स्मूदिंग प्लेन. त्याची ढलपी ०.०५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ हवी, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या निम्मी.

इथवर सोपं आहे. खरी परीक्षा रेषा उलट्या आल्या की सुरू होते. पातं ढलपी वर उचलतं तेव्हा ती ताठ असेल तर तरफेसारखी काम करते. धार पोहोचायच्या आधीच पुढचं लाकूड चिरतं, आणि रेषा खाली जात असतील तर चीरही पृष्ठभागाखाली जाते. मग खपली निघते आणि खड्डा राहतो. म्हणजे लाकूड कापलं जाण्याआधी फाटलेलं असतं.

तरफ मोडणं हाच यावरचा उपाय. तळाचं तोंड, म्हणजे पातं बाहेर येतं ती फट, अरुंद ठेवलं तर त्याची पुढची कड धारेलगतचं लाकूड दाबून धरते. पात्याचा नेहमीचा कोन ४५ अंश असतो. तो ५० ते ५५ केला तर ढलपी लगेच वाकते, पण ढकलायला जोर जास्त लागतो. मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो चिप ब्रेकर, म्हणजे पात्यावर बसवलेली दुसरी पट्टी. जपानमधल्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो यांनी कापणीचं जवळून चित्रीकरण केलं. ही पट्टी धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर असली की ढलपी तिच्यावर आदळून मोडते आणि चीर पुढे पळत नाही, हे त्यात स्पष्ट दिसतं. पट्टी एक मिलिमीटर मागे असेल तर तिचा काही उपयोग होत नाही.

पट्टी नीट लागली आहे का, हे ढलपीच सांगते. ढलपी गोल गुंडाळत आली तर पट्टी फार मागे आहे. सरळ उभी वर आली तर जागा बरोबर. घड्या पडून चुरगळली तर पट्टी फार पुढे आली आहे. पट्टीची कड पात्यावर पूर्ण टेकली नाही तर फटीत ढलप्या शिरतात आणि तोंड तुंबतं. आणि पट्टी पुढे घेताना तोंड आवळू नये. दोन्ही एकदम केलं तरी तोंड तुंबतंच.

फळीच्या आडव्या कापलेल्या टोकावर मात्र कमी कोनाचा लहान ब्लॉक प्लेन वापरावा. त्यात पात्याचा घासलेला उतार वरच्या बाजूला असतो, त्यामुळे बैठकीचा कोन (पातं ज्या कोनात बसवलेलं असतं तो) आणि उताराचा कोन यांची बेरीज होते: १२ अधिक २५, म्हणजे ३७ अंश. इतक्या कमी कोनात टोकाचे रेषे स्वच्छ कापले जातात. पलीकडच्या कडेला आधार नसल्याने तिथला तुकडा सुटतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मध्याकडे यावं किंवा त्या कडेला फालतू लाकूड आवळून लावावं.

खाचेची पायरी काढायच्या रिबेट प्लेनचं पातं तळाच्या पूर्ण रुंदीचं असतं. ते बाजूने केसभर बाहेर असावं. आत राहिलं तर दर फेरीला भिंतीलगत थोडं लाकूड शिल्लक राहतं आणि खाच खोल जाईल तशी अरुंद होत जाते.