स्वमग्नता : उपयोजित संशोधनाचा निधी

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला बोलते कसे करावे, ते रात्री का झोपत नाही, वर्गात टिकावे म्हणून शिक्षकाने काय बदलावे, अठरा वर्षांनंतर त्याला काम कसे मिळेल, अशा रोजच्या जगण्यातल्या प्रश्नांची उत्तरे शोधणारे संशोधन म्हणजे स्वमग्नतेवरील उपयोजित संशोधन. त्याला मिळणारा पैसा जनुके आणि मेंदू यांच्या अभ्यासापेक्षा नेहमीच कमी राहिला आहे. ब्रिटनमधील २००७ ते २०११ या काळातील निधीची मोजदाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ५६ टक्के रक्कम जीवशास्त्र, मेंदू आणि आकलन यांवर गेल्याचे दिसले. त्याच देशात २०१६ मध्ये स्वमग्न व्यक्ती, त्यांची कुटुंबे आणि व्यावसायिक यांना विचारून संशोधनाची दहा प्राधान्ये ठरवली गेली, तेव्हा मानसिक आरोग्यासाठी काय उपयोगी पडते हा प्रश्न पहिला आला. ज्यांच्यासाठी संशोधन करायचे त्यांची निकड आणि पैशाची वाट यांत इतके अंतर असणे योग्य नाही.

केवळ उपयोजित कामाला वाहिलेली संस्था म्हणून अमेरिकेतील ऑर्गनायझेशन फॉर ऑटिझम रिसर्चचे नाव घ्यावे लागते. स्वमग्न मुलांच्या पालकांनी आणि आजी-आजोबांनी ती २००१ मध्ये स्थापन केली. तिची अनुदाने लहान असतात, पण अशा रकमेत एका शाळेतला किंवा एका कौशल्यावरचा प्रश्न नीट सुटू शकतो.

आपल्याकडचे शिकण्यासारखे उदाहरण गोव्याचे आहे. ब्रिटनमधील ‘पॅक्ट’ पद्धतीत पालक आणि मूल खेळत असताना चित्रण करतात आणि थेरपिस्ट ते पालकासोबत बसून पाहतो. गोव्यातील ‘संगथ’ संस्था आणि रावळपिंडीतील सहकारी यांनी या पद्धतीत एकच मोठा बदल केला : तज्ज्ञाऐवजी प्रशिक्षित बिगरतज्ज्ञ आरोग्यसेवक घरी जाऊ लागले. सहा महिन्यांत १२ सत्रे झाली. २ ते ९ वयाची ६५ मुले चाचणीत होती आणि निधी अमेरिकेतील ऑटिझम स्पीक्स या संस्थेचा होता. ‘पास’ नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. मुलाच्या कलाने प्रतिसाद देणे पालकांना जास्त जमू लागले आणि मुले स्वतःहून संवाद अधिक वेळा सुरू करू लागली. मात्र दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ घटला. ही प्रतिकूल बाबही संशोधकांनी लपवली नाही. प्रस्तावाचे बळ कशात होते ते पाहावे : सिद्ध पद्धत, मर्यादित प्रश्न आणि तज्ज्ञ नसलेल्या तालुक्यातही चालेल असे उत्तर.

भारतात निधीसाठी पहिला दरवाजा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा. प्रस्ताव तिच्या ऑनलाइन पोर्टलवर, आवाहनाच्या मुदतीत भरायचा असतो. स्वयंसेवी संस्थेला त्याआधी डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाची) मान्यता लागते. ती नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा विद्यापीठाला प्रमुख संशोधक करून आपण सहसंशोधक व्हावे. उपकरण किंवा अ‍ॅप बनवायचे असेल तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ‘टाइड’ योजना जवळची. चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचे ‘जेलो’ हे आयआयटी मुंबईत तयार झालेले अ‍ॅप या जातीच्या कामाचा नमुना आहे. शाळा, रोजगार, कुटुंबावरचा ताण या विषयांसाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद.

कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधी २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली येतो : पात्र कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचा २ टक्के भाग खर्च करायचा. संशोधनाला देणगी देण्याची त्यातली तरतूद मुख्यतः सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्था आणि विद्यापीठांसाठी आहे. म्हणून शाळेने किंवा संस्थेने अपंगांसाठीची सेवा म्हणून प्रकल्प मांडावा आणि त्यातच मूल्यमापनाचा खर्च धरावा.

परदेशी पैशाला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या नियमन कायद्याखालची नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच येते, ती दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे मुंबईच्या संस्थेने अनुदान घेऊन नाशिकच्या शाळेला वाटून देणे बंद झाले. नाशिकचा खर्च मुंबईनेच थेट करावा. परदेशी सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते. तिचा वेळ वेळापत्रकात धरलेला नसतो आणि तिथेच पहिले वर्ष निसटते.

प्रस्ताव सर्वांत जास्त अडखळतो तो मुलांच्या संख्येवर. दोन गटांत अर्ध्या प्रमाण विचलनाचा (गुणांच्या विखुरणीच्या मापाच्या निम्मा) फरक पकडायचा तर ८० टक्के सामर्थ्यासाठी, म्हणजे फरक खरोखर असल्यास तो दिसण्याच्या ८० टक्के शक्यतेसाठी, प्रत्येक गटात सुमारे ६४ मुले लागतात. पाचातले एक गळेल असे धरले तर ८०. मुलांऐवजी शाळा गटांत वाटल्या तर संख्या आणखी वाढते. एका शाळेत १० मुले आणि शाळांतर्गत साम्य (एकाच शाळेतील मुलांचे गुण एकमेकांसारखे असण्याचे माप) ०.०५ असेल तर ती १.४५ पटीने वाढवावी लागते. वीस मुलांवरचा प्रस्ताव परिणाम सिद्ध करण्यासाठी नसावा. पद्धत राबवता येते का, हे तपासणारा प्राथमिक अभ्यास म्हणून तो मांडावा.

दुसरी चूक मापनाची. आयएसएए ही स्वमग्नतेची भारतीय मोजपट्टी ४० मुद्द्यांची आहे आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरली जाते. तीव्रता ठरवायला ती चांगली, पण सहा महिन्यांतला लहान बदल तिच्यात उमटेलच असे नाही. ‘एडॉस-२’ ही मुलाचे निरीक्षण करून निदान करण्याची चाचणी घ्यायची तर संच, प्रशिक्षण आणि मराठी रूपांतराची परवानगी हे तिन्ही खर्च आधी मांडावेत.

अंदाजपत्रकात पालकांचा प्रवास आणि बुडालेली रोजंदारी राहून जाते, आणि मुले गळतात ती बहुतेक त्यामुळेच. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. पहिला हप्ता दिवाळीनंतर आला तर अर्धे शैक्षणिक वर्ष संपलेले असते. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना १२-अ वर अवलंबून असतो. लेखापरीक्षण रखडले की फिल्डवरच्या ताईंचे मानधन थांबते आणि शिकवून तयार केलेली माणसे निघून जातात.

चाचणीची सीटीआरआयमध्ये (भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिले मूल घेण्याआधी झाली पाहिजे. पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांपुढील मुलाचा होकारही घ्यावा लागतो. न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रकार्डे वापरावीत आणि नकाराच्या खुणा, जसे कान झाकणे, हात ओढून घेणे, दाराकडे जाणे, संशोधन आराखड्यातच लिहाव्यात. त्या दिसताच सत्र थांबवायचे, हेही तिथेच नोंदवावे.