सिग्नलने बदलायचे की गाडीने?

गाड्या आणि सिग्नल एकमेकांशी ‘बोलू’ लागले की चौकातला धूर कमी होईल, असे सरसकट म्हटले जाते. पण त्या एका विधानात दोन निराळी तंत्रे कोंबलेली असतात. अमेरिकेच्या परिवहन विभागाने ‘एरिस’ या संशोधन कार्यक्रमात ती स्वतंत्रपणे तपासली. एकात सिग्नल गाड्या पाहून आपली वेळ बदलतो, तर दुसऱ्यात सिग्नलची वेळ पाहून गाडी आपला वेग बदलते.

पहिले समजायला सोपे आहे. गाड्यांनी कळवलेल्या स्थान-वेगावरून कोणत्या बाजूला रांग वाढली आहे हे यंत्रणा ओळखते आणि त्या बाजूचा हिरवा दिवा लांबवते. रांगेत उभ्या गाड्यांचे इंधन त्यामुळे वाचते.

दुसऱ्यात सिग्नल आपल्या दिव्यांची स्थिती आणि पुढील बदलाची वेळ साधारणतः सेकंदाला 10 वेळा प्रसारित करतो. समजा, तुम्ही ताशी 50 किलोमीटर वेगाने चौकापासून 300 मीटरवर आहात आणि हिरवा दिवा 27 सेकंदांनी लागणार आहे. त्याच वेगाने गेलात तर 22 सेकंदांत पोहोचून ब्रेक दाबावा लागेल; वेग लगेच 40 वर आणलात, तर दिवा लागतानाच चौक गाठाल. थांबून पुन्हा 50 चा वेग गाठायला जेवढी गतिज ऊर्जा लागते, तिच्या एक-तृतीयांशाहून थोडी अधिक ऊर्जा 40 वरून 50 वर जायला पुरते. शिवाय ब्रेक घासून उडणारी धूळ कमी होते. हा हिशेब पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांचा. विजेवरची गाडी ब्रेक लावताना ऊर्जेचा काही भाग परत मिळवत असल्याने तिचा फायदा कमी. आणि हो, पुढचा रस्ता मोकळा नसेल तर 40 चा सल्ला कागदावरच राहतो.

खरी अडचण मात्र दोन्ही तंत्रे एकाच चौकात आल्यावर दिसते. गाडीने 27 सेकंदांवर विसंबून वेग ठरवावा आणि तेवढ्यात आडव्या रस्त्यावरची रांग पाहून सिग्नलने तोच तांबडा दिवा आणखी आठ सेकंद लांबवावा, असे घडले तर ती गाडी थांबतेच. आपल्याकडे सिग्नलवर उलटे मोजणारे आकडे असतात; दर फेरीला वेळ बदलणाऱ्या सिग्नलवर तेही भरवशाचे राहत नाहीत. यावर उपाय म्हणजे सिग्नलने बदलाच्या काही सेकंद आधी आपली वेळ पक्की करून टाकणे, आणि तेवढ्यापुरती स्वतःची लवचीकता सोडून देणे.