सोलापूरची मराठी ‘अशुद्ध’ कोणी ठरवली?

‘सोलापूरच्या मराठीत कानडी-तेलुगूची भेसळ आहे, म्हणून भाषातज्ज्ञ तिला अशुद्ध मानतात,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. तसे नाही.

शुद्ध-अशुद्धाचा शिक्का मारणे हे भाषाशास्त्रज्ञाचे कामच नव्हे. लोक कसे बोलतात ते तो ध्वनिमुद्रित करतो, लिहून काढतो आणि त्यातले नियम शोधतो. ऱ्हस्व-दीर्घ तपासतो तो मुद्रितशोधक. त्याच्या हाताशी असलेले १९६२चे नियम लेखनाचे आहेत, बोलण्याचे नाहीत. या दोन कामांची गल्लत होते आणि गैरसमज बहुधा तिथूनच रुजतो.

आता ‘भेसळी’चे बघू. ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले की तोही पंगतीत आला. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’वर भागते. तेलुगूत मात्र नेमका हाच भेद आहे: ‘मेमु’ आणि ‘मनमु’. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुणाही तेलुगूभाषक शेजाऱ्याला विचारून पाहा. मराठीत हा भेद द्रविड भाषांच्या सहवासातून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि तो पाठ्यपुस्तकातल्या मराठीतही तितकाच पक्का आहे. तिथे त्याला कुणी भेसळ म्हणत नाही.