पॅरामेट्रिक डिझाइन आणि डिझायनरचं डोकं

पॅरामेट्रिक डिझाइन म्हणजे आकार थेट काढायचा नाही, तो ज्यावरून ठरतो ते नियम आणि आकडे कॉम्प्युटरला द्यायचे, मग एक स्लायडर सरकवला की छताचा बाक, खिडक्यांची संख्या, जिना सगळं सोबत बदलतं. तसं हे जुनंच आहे, आयव्हन सदरलंडने १९६३ मध्ये एमआयटीत स्केचपॅड हा स्क्रीनवर चित्र काढायचा प्रोग्राम केला तेव्हाच 'या दोन रेषा समांतर ठेव' असं मशीनला सांगता येत होतं. १९८२ मध्ये ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आलं, पण ते बरीच वर्षं नुसता ड्रॉइंग बोर्डच होतं, फक्त खोडरबर चांगला. आता ऱ्हायनो हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर आणि त्यातच नियम जोडायला ग्रासहॉपर, पॅरामेट्रिक काम बरंचसं यांच्यावर चालतं.

यामुळे डिझायनरचं डोकं चालतं की थांबतं, यावर वाद आहे. रॉबर्टसन आणि रॅडक्लिफ यांनी २००९ मध्ये कॅड (म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करायची सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या इंजिनियर लोकांबद्दल लिहिलं की चित्र डोळ्यासमोर येतं, समोरच्याला समजावणं सोपं जातं, पण सॉफ्टवेअरला जे सहज जमतं तेच माणूस काढायला लागतो, आणि मॉडेलवर एवढी मेहनत झालेली असते की नंतर बदलायला जिवावर येतं. कुठल्याही ऑफिसात बघा, ट्रेसिंग पेपरवरचं वाकडंतिकडं स्केच फाडायला कुणाला काही वाटत नाही, गुळगुळीत रेंडर (कॉम्प्युटरने काढलेलं फोटोसारखं चित्र) क्लायंटने पाहिला की संपलं, तोच फायनल.

दुसरी गंमत म्हणजे पर्याय शंभर मिळतात पण तुम्ही जे भरलं त्याच्याच हद्दीत. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या प्लॉटसाठी एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते), पार्किंग आणि मार्जिन (कडेने सोडायची जागा) एवढंच भरलं तर शंभरही टॉवर भावंडंच निघणार. नवी मुंबई विमानतळाचं टर्मिनल झाहा हदीद आर्किटेक्ट्सचं, कमळावरून केलेलं, पण कमळच हवं हे काही स्लायडरने सुचवलेलं नाही.

माझं विचाराल तर नियमातून डिझाइन कसं करावं याचं इथलं सगळ्यात भारी उदाहरण नवी मुंबईत बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेली. ७ घरं एका ८ बाय ८ मीटरच्या चौकाभोवती, असे तीन गट मिळून २१ घरांचा मोठा चौक, आणि भिंत कुणाची कुणाला लागू द्यायची नाही म्हणजे पैसे आले की ज्याने त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलं तर वाढवलंच, कित्येकांनी पाडून नवंच बांधलं, मूळचं उतरत्या छपराचं घर आता शोधावं लागतं.