‘मुखपृष्ठ : अमुक अमुक’ या ओळीची पार्श्वभूमी

हक्क, आवृत्ती, मुद्रक, अक्षरजुळणी, किंमत असा मजकूर ज्या पानावर असतो, त्यावर ‘मुखपृष्ठ : अमुक अमुक’ अशी एक ओळ असते. पुस्तक प्रकाशकाने काढलेलं असेल तर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. लेखकाने पदरमोड करून काढलं असेल, तरी पहिली आवृत्ती संपेपर्यंत ती गप्प बसते. मुखपृष्ठ नेमकं कुणाचं, हे भांडण निघतं ते दुसऱ्या आवृत्तीला.

पदरमोड करून पुस्तक काढणं मराठीत नवं नाही. एकोणिसाव्या शतकात आधी वर्गणीदार गोळा करायचे, मग छापखाना गाठायचा, हीच कित्येक ग्रंथकर्त्यांची रीत होती. त्या पुस्तकांचं दर्शनी पान म्हणजे वेलबुट्टीची चौकट, शिशाच्या खिळ्यांनी (टाइपांनी) जुळवलेलं लांबलचक नाव आणि खाली ‘सन १८६७ च्या आक्ट २५ प्रमाणे रजिस्टर केलें आहे’ अशा धर्तीची ओळ. चित्रकाराचा संबंधच नव्हता, जे काही सौंदर्य होतं ते कंपॉझिटरच्या, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या हातचं. ‘मुखपृष्ठ’ हा शब्द आतल्या शीर्षकपानालाही लागायचा. हल्ली तो संकेतस्थळाच्या पहिल्या पानालाही लागतो. शब्द तसा पूर्वीपासूनच सैल.

विसाव्या शतकात जस्ताचे ठसे रूढ झाले आणि हा सैलपणा काही काळ खपून गेला. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा आणि यंत्रावर वेगळा फेरा, म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळे पैसे. लेखक स्वतःच खर्च करत असेल तर दोन रंगांवर भागायचं, तिसरा रंग कागदाचा पांढरा. चित्रकार एकाच ड्रॉइंग कागदावर काळ्या शाईने चित्र काढायचा, शीर्षक हातानेच लिहायचा, आणि लेखकाचं नाव कुठे बसवायचं तेही तोच ठरवायचा. तो कागद ठसेवाल्याकडे गेला की काम संपलं. चित्र, अक्षरं आणि मांडणी एकाच माणसाची असल्याने ‘मुखपृष्ठ : अमुक’ ही ओळ तेव्हा खरी होती.

ती खोटी व्हायला लागली ऑफसेट छपाईमुळे, आणि डीटीपीने, म्हणजे संगणकावरच्या जुळणीने, तर तिचे तुकडेच केले. चित्राचं चार रंगांत विभाजन आवाक्यात आल्यावर चित्रकार कॅनव्हासवर मोकळेपणाने रंगवू लागला. त्याच्या चित्राची ट्रान्सपरन्सी (पारदर्शक रंगीत फिल्म) काढायची, तिच्यावरून छपाईसाठी पॉझिटिव्ह फिल्म करायच्या, शीर्षक वेगळं करून वर चिकटवायचं. नव्वदच्या दशकात हे चिकटवणंही गेलं. गल्लीतल्या डीटीपी सेंटरमध्ये ऑपरेटर चित्र कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचा, हाताशी असलेल्या दहा-वीस फॉन्टांतला एक उचलायचा, त्याला सावली द्यायचा, कडेने पिवळी रेघ मारायचा. लेखक शेजारच्या स्टुलावर बसून ‘अजून थोडं मोठं करा’ म्हणायचा. अशी चित्र एकाचं, अक्षरं दुसऱ्याची आणि मांडणी दोघांच्या तडजोडीची झाली. श्रेयाची ओळ मात्र एकच राहिली आणि तिथे नाव चित्रकाराचं. हाताने लिहिलेलं शीर्षक ज्या झपाट्याने गेलं त्याची हळहळ फारशी कुणी केली नाही. माझ्या मते, मुखपृष्ठाच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं नुकसान तेच.

फॉन्टांनी आणखी एक घोळ घातला. त्या काळचे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे सगळीकडे एकच संकेत पाळणारे, नव्हते; प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी. एकातलं शीर्षक दुसऱ्यात नेलं की अक्षरांची रांगोळी व्हायची. युनिकोड आल्यावर उलटाच त्रास सुरू झाला. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, किंवा नव्यातही योग्य सेटिंग नसेल तर, जोडाक्षरं फुटतात, पाय मोडलेलं अक्षर सुटं दिसतं, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरामागे जाऊन बसते. आतल्या मजकुरात हे मुद्रितशोधकाला सापडतं, पण मुखपृष्ठ कुणी शोधनाला देत नाही. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात ती ठरवून दिली आहेत, तरी कित्येक फॉन्ट आपणहून हिंदी वळणच देतात. पुस्तकाच्या नावात ‘ल’ असेल तर जाणत्या वाचकाला ते दहा फुटांवरूनही खटकतं.

आता त्या भांडणाकडे. पैसे लेखकाने दिले, मग मुखपृष्ठ कुणाचं? ‘पैसे माझे, चित्र माझं’ असं लेखक धरून चालतो. कायदा इतका सरळ नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कलाकृतीचा पहिला हक्कदार तिचा कर्ता. त्याला एक अपवाद आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढलं किंवा रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीव ठशाचं चित्र केलं, आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा, म्हणजे इथे लेखकाचा. गंमत अशी की याच कायद्यात कलाकृतीची व्याख्या करताना रंगचित्र आणि रेखाटन हे दोन वेगळे शब्द वापरले आहेत. अपवादाच्या यादीत रेखाटन नाही, अक्षरांकन नाही, मांडणीही नाही. म्हणजे जलरंगातलं मुखपृष्ठ लेखकाचं आणि पेनने काढलेलं चित्रकाराचं, असा युक्तिवाद करायला पुरेपूर जागा आहे. टॅबलेटवर काढलेलं चित्र यातलं कशात धरायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

पुढे ‘मोबदला’ हा शब्द. मराठी कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ बरेचदा मित्र करून देतो, आणि ‘पैशांचं काय काढलंस रे?’ म्हणून उलट रागावतो. पाच प्रती आणि प्रकाशन समारंभात एक गुलाबाचं फूल, एवढ्यावर व्यवहार मिटतो. मोबदलाच नाही तेव्हा तो अपवादही लागू नाही. चित्र आधीच काढून झालेलं असेल आणि लेखकाने भिंतीवरचं पाहून पसंत केलं असेल, तरी तेच. चित्र विकत घेतलं म्हणून त्याच्या छपाईचा हक्क आपोआप मिळत नाही.

मग हक्क लिहून घ्यावा, तर कलम १९ आडवं येतं. हस्तांतर लेखीच हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. तीनशे प्रतींची आवृत्ती संपायला पाच वर्षं लागणं यात मराठी लेखकाला नवल वाटणार नाही. म्हणजे घाईत केलेलं ते एका पानाचं पत्र, नेमकी गरज पडते तेव्हाच संपलेलं असतं. ई-पुस्तक परदेशातल्या मराठी वाचकाने विकत घेतलं तर प्रदेशाचा प्रश्नही उभा राहतो. आणि सगळं लिहून दिल्यावरही कलम ५७ चित्रकाराकडे एक हक्क ठेवतंच. श्रेय मागण्याचा, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी चित्राची मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा. चित्राचं डोकं छाटून वर शीर्षक बसवणाऱ्या ऑपरेटरला हे कुणी सांगितलेलं नसतं.

प्रकाशकांना यातलं बरंच सवयीने माहीत होतं, किंवा ते रेटून नेत. एकट्या लेखकाला ना सवय, ना रेटा. त्याला डिझायनरकडून पीडीएफ मिळते आणि तो खूश होतो. ओपन फाइल, म्हणजे जिच्यात अक्षरं, चित्र आणि पार्श्वभूमी वेगवेगळी हलवता येतात ती, मागायची असते हे पुढच्या छपाईला कळतं. मी बाजू घेतो आहे हे खरं, पण त्या फाइलचे वेगळे पैसे मागणारा डिझायनर मला लबाड वाटत नाही. काम तीन माणसांचं, दर एकाचा आणि श्रेय भलत्याचं, अशी ही जुनी थकबाकी आहे.

गेल्या पंधरा वर्षांत बाकी सगळं भराभर बदललं. डिजिटल छपाईमुळे पन्नास प्रतीही निघू लागल्या. बारा फॉर्मच्या, म्हणजे १९२ पानांच्या पुस्तकाचा कणा ७० जीएसएम (दर चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागदावर साधारण सेंटिमीटरभर होतो. छापखान्याने कागद बदलला की तोही बदलतो आणि कण्यावरचं शीर्षक सरकून मलपृष्ठावर जातं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात फुकट मिळतो, लेखकाला स्वतःलाही, पण त्याच्या बारकोडला मलपृष्ठावर पांढरी जागा ठेवायची राहून जाते. २०१६ च्या अखेरीस ॲमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात मराठी पुस्तकं रीतसर आली आणि मुखपृष्ठ १६०० बाय २५६० पिक्सेलचं झालं. ई-पुस्तकाला कणा नाही, मलपृष्ठ नाही, आणि ग्राहकाला ते दिसतं अंगठ्याच्या नखाएवढं. चार शब्दांचं शीर्षक आणि उपशीर्षक त्यात वाचता येत नाही. जस्ताच्या ठशांच्या काळातली दोन रंगांची ठसठशीत मुखपृष्ठं मात्र त्या आकारातही उठून दिसतात. तेव्हाची काटकसर आता कामी येते आहे.

चित्रकार परवडत नाही त्यांच्यासाठी दोन वाटा आधीपासून होत्या. एक, हक्क संपलेली चित्रं. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे ती खुली होतात. लोणावळ्याजवळच्या मळवलीत छापलेल्या देवादिकांच्या नि नायिकांच्या ओलिओग्राफांचा (तैलचित्रासारख्या रंगीत छापील चित्रांचा) चित्रकार राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारला, म्हणून त्या नायिका इतक्या कादंबऱ्यांवर दिसतात. दुसरी वाट स्टॉक छायाचित्रांची. तिथल्या साध्या परवान्यात पाच लाख प्रतींची मर्यादा आढळते, पण तिला मराठी लेखकाने घाबरण्याचं कारण नाही. तिसरी, नवी वाट यंत्राकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, चित्र करून घेण्याची. सप्टेंबर २०२३ पासून किंडलवर पुस्तक चढवताना मुखपृष्ठ यंत्राने बनवलेलं असेल तर तसं सांगावं लागतं. आपल्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेलं एक वाक्य आहे, की संगणकाने निर्मिलेल्या कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. ते या यंत्रांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं नाही, पण ‘मुखपृष्ठ : लेखक’ असं छापणारे आता त्याचाच आधार घेतील.

श्राव्य पुस्तकांना चौरस मुखपृष्ठ लागतं. उभ्या मुखपृष्ठाचा चौरस करायचा तर शीर्षक उचलून दुसरीकडे बसवावं लागतं, चित्र कापावं लागतं, आणि लेखक पुन्हा डिझायनरला फोन करतो, ओपन फाइल आहे का म्हणून.