सम-विषम हजेरीने संसर्गाची साखळी तुटते का?

"हजेरी क्रमांकाने सम-विषम गट पाडून दिवसाआड बोलावलं, की साथीत शाळा सुरक्षित" हा समज खानदेशात अजून ऐकू येतो. चूक. बहीण सम गटात, भाऊ विषम गटात; मग दोन्ही गट रोज संध्याकाळी एकाच ताटाशी बसतात! वाटणी घरानुसार करा: भावंडं आणि एकाच रिक्षात येणारी मुलं एका गटात. 40 च्या वर्गात 22-18 झाले तरी चालेल. घरच्या दिवसाचा अभ्यास कागदावर द्या. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पाड्यांवर मोबाइल रेंजचा भरवसा नाही. आणि हो, पोषण आहार थांबवायचा नसतो. 2020 मध्येही शाळा बंद असताना कोरडा शिधा वाटला होता. तांदळाचं प्रमाण दिवसाला पाचवीपर्यंत 100 ग्रॅम, सहावी ते आठवी 150.